उन्हाळ्यातल्या चादरी

“चादर गार हाय, सायेब. लगीच उलगडा.”

दाराच्या फटीतून मला एवढंच ऐकू आलं. बाहेर सोलापूरचं वैशाखातलं ऊन होतं, शेजारच्या शेडचे पत्रे तडतडत होते आणि आमच्या व्हरांड्यात एक माणूस माझ्या वडिलांना चादर देत होता. बाबांनी ती तान्ह्या मुलासारखी दोन्ही हातांवर घेतली आणि थेट मोरीत नेली.

वैशाखात चादर कोण घेतं? आणि घेतलीच, तर मोरीत कोण नेतं?

मी तेव्हा कॉलेजात होते. शाळा इंग्रजी माध्यमाची. शाळेत मराठी बोललं की दंड व्हायचा आणि घरी मराठी बोलले की आत्या माझ्या वाक्यांना हसायची. मग मी दोन्हीकडे गप्प राहायला शिकले. गप्प बसणाऱ्या मुलीसमोर लोक सावध राहत नाहीत. मला मात्र बसल्या जागी सगळ्यांचा संशय यायचा, आणि त्या वर्षी तो सगळ्यात जास्त या माणसाचा आला.

गल्ली त्यांना चादरवाले म्हणायची, मी काका म्हणायचे. पन्नाशीचे, किडकिडीत. गठ्ठा वाहून डावा खांदा उजव्यापेक्षा खाली आलेला. गल्लीच्या टोकाला दोन खोल्यांत ते, त्यांची बायको आणि मुलगी राहायची. मुलगी उंबऱ्यात बसून टॉवेलांचे गोंडे वळायची आणि काका सायकलवरून चादरी विकायचे. तुमच्याही गल्लीत असा कुणीतरी असेल. रोज दिसणारा, म्हणून कुणी नीट न पाहिलेला.

मी पाहिलं. शनिवारी त्यांच्या गठ्ठ्यातून पाणी ठिबकायचं. आमच्या गच्चीवरून ते थेंब स्पष्ट दिसत. आधी समोरच्या वकिलांच्या पायरीपर्यंत, मग कोपऱ्यावरच्या गुरुजींकडे, मग आमच्याकडे. घटकाभरात ऊन सगळं पुसून टाकायचं. आमच्या कपाटात तर एकही नवी चादर नव्हती. लाल-काळ्या चौकड्यांची तीच एक चादर शनिवारी यायची, रविवारी दोरीवर वाळायची आणि सोमवारी परत जायची.

त्या काळात वर्तमानपत्रांत तस्करीच्या बातम्या असत. घड्याळं, सोन्याची बिस्किटं. माझ्या डोक्यात बाबांना बेड्यासुद्धा पडून झाल्या होत्या. शेवटी एका शनिवारी दुपारी घरातले सगळे झोपलेले पाहून मी मोरीत गेले. बादलीत बर्फाचा तुकडा होता, त्याला लाकडाचा भुसा चिकटलेला. वर ओलं पोतं. पोत्याखाली तपकिरी रंगाची, मानेपर्यंत भरलेली बाटली.

बीअर.

तेव्हा बाटली विकत घ्यायची तर सरकारी परवाना लागायचा. परवाना काढायचा म्हणजे आपण पितो असं आपल्या नावानिशी लिहून द्यायचं आणि मग स्टेशनजवळच्या त्या एकुलत्या दुकानात, येणाऱ्याजाणाऱ्यासमोर उभं राहायचं. आमच्या गल्लीला बीअर आवडत होती. एवढ्या उन्हात ती कुणाला आवडणार नाही? पण पिणं घरातलं होतं आणि विकत घेणं चारचौघांतलं. गणेशोत्सवात व्यसनमुक्तीवर तासभर बोलणारे वकीलसाहेब दुकानाच्या फुटपाथवरूनसुद्धा जात नसत. त्यांच्या पायरीवर थेंब मात्र सगळ्यात जास्त पडायचे.

सगळ्या गल्लीत परवाना एकाच माणसाच्या नावावर होता.

आता माझा संशय वाढला. या माणसानेच बाबांना नादी लावलं, असं मी ठरवून टाकलं. तो स्वतः तर सकाळपासूनच पीत असणार. ते जिन्याने जात तेव्हा मी हळूच श्वास ओढून वास घ्यायचे. वास यायचा तो सायकलच्या तेलाचा आणि नव्या सुताचा.

एकदा बाबांनी त्यांना आग्रह केला. मी आतल्या खोलीत पुस्तक उघडून बसले होते, पान उलटत नव्हते.

“अहो, इतक्या उन्हातून आणता. घ्या की घोटभर.”

“नगं सायेब.”

“घ्या हो. कोण बघतंय?”

काकांनी पेल्यातला फेस तेवढा ओठाला लावला आणि तोंड असं केलं की आईला पदर तोंडाशी धरावा लागला.

“अगागागा! मूग भिजवल्यालं पानी नासलंय की वो ह्ये! ह्याच्यासाठी तुमी पैसं देता?”

“सवय लागते हळूहळू,” बाबा म्हणाले.

“नगं. वैनी, शेंगाचटनी आसंल तर द्या चिमटीभर. तोंड लई बिगाडलं.”

आईने चटणी दिली. मग त्याच पेल्यातली उरलेली बीअर स्वयंपाकघरात नेली आणि ओट्याशी पाठ करून पिऊन टाकली. आई तिला पित्ताचं औषध म्हणायची. आईला पित्त कधीच नव्हतं.

तरी मला खात्री पटेना. पीत नाही, तर आणतो कशाला? प्रत्येक बाटलीमागे काहीतरी खात असणार. पुढच्या शनिवारी ते जिन्यात भेटले आणि माझ्या तोंडून प्रश्न निघून गेला.

“तुम्ही का आणता हे?”

ते थबकले. मग सगळे दात दाखवून हसले आणि वर आईला हाक दिली. “आवं वैनी, इंग्रजीताई बोलली! साकर वाटा!”

मी लाल झाले. वर जायला लागले, तसे ते मागून म्हणाले, “ताई, कागदावर कुनाचंतरी नाव पायजे की. तुमच्या बाबांचं नाव मोटं, बँकेतलं. वकिलांचं तर त्याहून मोटं. मोट्या नावाला डाग लगी दिसतो. माझं काय, ल्हान नाव. कुटंबी मावतं.”

‘माझं काय, ल्हान नाव’ हे ते नेहमीच म्हणायचे. बाटलीचे पैसे सांगताना, वर एक पैसाही न घेता. वकिलांनी आपल्या मुलाच्या मुंजीला बोलावलं नाही तेव्हाही तेच म्हणाले. त्या दिवशी मात्र मला ते उत्तर फार तयार वाटलं. इतका साधा माणूस असत नाही, असं मी मनाशी म्हटलं.

मग मे महिन्यात ते एकदा शनिवार नसताना आले. गठ्ठा नव्हता. व्हरांड्यात टेकले, टोपी काढून गुडघ्यावर ठेवली.

“सायेब, मोडनिंबची मानसं येनार हायती. पोरीला बघून गेली, पसंत हाय. आता रविवारी गल्लीत चौकशी करनार. तुमच्याकडं येतील.”

“येऊ द्या की. आनंदाची गोष्ट आहे.”

“त्येंच्यात दारूचं लई वावडं हाय.” ते टोपी फिरवत राहिले. “तुमी काय वाढवून सांगू नगा. खरं हाय तेवडं सांगा. बास.”

“निश्चिंत असा हो,” बाबा म्हणाले.

दाराआडून मी पाहत होते. आता दिसली याची खरी बाजू, असं मला वाटलं. इतकी वर्षं आमची गुपितं सांभाळली, ती याच दिवसासाठी. आता वसुली.

त्यांच्या मुलीचं हे तिसरं स्थळ होतं. आधीची दोन गल्लीत चौकशी करून गेली होती आणि परत आली नव्हती. का, ते गल्लीत कुणी विचारलं नव्हतं. मीही नाही.

काका आता गल्लीत नाहीत. आमच्या भिंतीला ते सायकल टेकवायचे तिथे हँडल घासून पडलेला काळा पट्टा आहे, पावसाने तो अजून गेलेला नाही. त्यांची सगळ्यात ठळक आठवण मात्र ते समोर नसतानाची आहे.

त्या रविवारी दुपारी मोडनिंबचे दोघे आमच्या बैठकीत बसले होते. मुलाचा मामा, पांढऱ्या टोपीतला थकलेला माणूस, आणि मुलाचा मोठा भाऊ. मी पाणी नेऊन दिलं आणि ट्रे हातात धरून दाराशी उभी राहिले.

“आमी सरळ इचारतो,” मामा म्हणाले. “पोरीचा बाप पितो का?”

बाबांनी चष्मा काढून पुसायला घेतला.

“ह्या पोरानं सोताच्या डोळ्यांनी त्येंना टेशनजवळच्या दुकानात बाटल्या घेताना बघितलंय. एक न्हाय, पिशवीभर. समोरच्या वकिलांना इचारलं. ते म्हनले, असेल बुवा, मला कल्पना नाही. गुरुजी म्हनले, दुसऱ्याच्या घरात आम्ही डोकावत नाही.” मामांनी पाण्याचा पेला खाली ठेवला. “माझी थोरली भन दारूड्याच्या घरात गेली, सायेब. तिचं काय झालं ते मी बघितलंय. पोरगी गुनाची हाय, आमाला सोडू वाटंना. तुमी बँकेतली मानसं. तुमी म्हनाल ते खरं.”

मी बाबांकडे पाहिलं. एका वाक्याचं काम होतं.

“हे बघा,” बाबा म्हणाले, “माणूस कष्टाळू आहे. मुलीबद्दल तर प्रश्नच नाही. बाकी कुणाचं खाजगी काय असतं, ते आपण कसं सांगणार? आमचा त्यांचा संबंध तसा चादरीपुरताच.”

आई स्वयंपाकघराच्या दारात होती. तिने एकदा मोरीकडे पाहिलं आणि मान खाली घातली.

मला त्याच दिवसाची सकाळ आठवली. शनिवारी दुकान बंद होतं म्हणून काका रविवारी आले होते. एरवी दुपारी येणारे, त्या दिवशी दुकान उघडताच बाटल्या घेऊन, दहा वाजताच. अंगात इस्त्रीचा सदरा, खांद्यावर ठिबकणारा गठ्ठा. “पावनी यायच्या आत उरकून घेतो,” म्हणाले होते. स्वतःच्या मुलीच्या चौकशीच्या दिवशीसुद्धा त्यांनी गल्लीचा उन्हाळा चुकवला नव्हता. वसुलीला आलेला माणूस असं करत नाही. इतके दिवस मी ज्याच्यावर नजर ठेवली, तो माणूस चुकीचा होता. संशय घेण्यासारखे लोक तर माझ्यासमोर, माझ्याच घरात, चष्मा पुसत बसले होते.

मामांनी भाच्याकडे पाहिलं. भाच्याने नुसती नकाराची मान हलवली. दोघं उठले. मामा दाराशी येऊन पायाने चप्पल चाचपू लागले. टोकाच्या घरात गोंडे वळणारी ती मुलगी उंबऱ्यात बसून आमच्याच दाराकडे पाहत होती.

ट्रे अजून माझ्या हातातच होता. तो मी खाली ठेवला.

“काका पीत नाहीत,” मी म्हणाले. आवाज माझा मलाच अनोळखी वाटला. “बीअर आमची असते. बाबा पितात. मोरीत आत्ताही एक बाटली आहे. थांबा, आणून दाखवते.”