नाकवाल्यांची परतफेरी

गेल्या थंडीत एक साधी सर्दी झाली आणि ती जाताना नाकवाल्यांचं नाक घेऊन गेली. म्हणजे नाक जागेवरच होतं, चांगलं लांबलचक. पण त्यातून आत काही येईना. चहा म्हणजे गरम पाणी झालं, साबण म्हणजे नुसती बुळबुळ. मग स्वप्नांत वास येऊ लागले. माणसं नाहीत, घरं नाहीत, नुसते वास: वडिलांच्या तंबाखूचा, नव्या चपलांचा, बायकोच्या ओल्या केसांचा. पहाटे ते उशीत तोंड खुपसून पडून राहत, स्वप्नाचं शेपूट हाती लागतंय का बघत. ते काही लागत नसे.

ही गोष्ट त्यांनी कुणालाच सांगितली नाही, बायकोलासुद्धा. सांगणार तरी कोणत्या तोंडाने? गॅसच्या नळ्या आणि हीटर दुरुस्त करणारे पुष्कळ होते, पण लोक यांना बोलवायचे ते नाकासाठी. नाकवाले घरात शिरले की डोळे मिटत आणि झोपेत चालल्यासारखे खोल्यांतून फिरत. मग एके जागी थांबून म्हणत, "इथं." गळती नेमकी तिथंच निघे. बायका शेजारणींना हा सोहळा बघायला हाका मारत. गळती शोधायचं यंत्र त्यांच्या पिशवीत होतं, पण चारचौघांत ते बाहेर काढायला त्यांना लाज वाटायची. नाक गेल्यावर तरी काढावं की नाही? पण नाही. सांध्यांवर लावायचा साबणाचा फेस आणि इतक्या वर्षांचा सराव यांवर त्यांनी निभावून नेलं. मानी माणसाला कोण समजावणार!

त्या दुपारी धुकं इतकं दाट होतं, की समोरची घरं अर्धी पुसल्यासारखी दिसत होती. दार उघडलं एका तरुण बाईने. खांद्यावर बाळ झोपलेलं, डोळ्यांखाली काळं. एका दमात तिने सगळं सांगून टाकलं.

"काका, चार दिवस झाले, मला गॅसचा वास येतोय. हे म्हणतात, तुला भास होतोय. सासूबाई म्हणतात, बाळंतपणानंतर होतं असं, झोप काढ. आता मलाच माझी खात्री वाटत नाही. तुम्ही बघा आणि काय ते सांगा. तुम्ही म्हणाल ते मी मानेन."

नाकवाल्यांनी हीटरमागे वाकून बघितलं. खोली उबदार होती, म्हणून कोट काढून तिथल्याच नळीच्या वळणावर अडकवला आणि डोळे मिटले. अंधारात त्यांना बाळाचा श्वास ऐकू येत होता. एका क्षणी दुधाचा गोडसर वास आल्यासारखं वाटलं आणि ते हरखले. पण तो आठवणीतला वास होता. ते तसेच तरंगत या खोलीतून त्या खोलीत गेले. डोळे उघडले, तेव्हा बाई त्यांच्याकडे बघत होती. यंत्र काढायची हीच वेळ होती. आणि या गृहस्थांच्या तोंडून काय निघालं?

"काही नाही, ताई. सगळं ठीक आहे."

बाईला बरं वाटायला हवं होतं. तिचा चेहरा मात्र पडला. "मग माझंच काहीतरी बिघडलंय," ती बाळाच्या केसांत पुटपुटली. नाकवाल्यांनी कोट चढवला आणि ते निघाले.

घरी बायकोने दार उघडलं आणि पदर नाकाला लावला. "शी! अहो, गॅसमध्ये लोळून आलात की काय? आधी तो कोट बाहेर टाका."

"कसला वास?"

"आता हे तुम्ही मला विचारणार?"

कोट कुठे अडकवला होता ते त्यांना आठवलं. तिच्या चार दिवसांच्या भासाचा वास ते स्वतःच्या पाठीवर घेऊन घरी आले होते.

"अगं, मला वास येत नाही," ते म्हणाले. "वर्ष झालं." त्यांनी दुपारच्या बाईंचा नंबर काढून फोन तिच्या हातात कोंबला. "या बाईंना फोन लावत राहा. बाळाला घेऊन बाहेर जा म्हणावं." पिशवी खांद्यावर तशीच होती. ते उलटपावली धावत सुटले.

धुक्यात रस्ता संपता संपेना. स्वप्नात धावताना पाय जसे जागचे हलत नाहीत, तसं झालं. दिवे पांढरे गोळे होऊन लोंबत होते, माणसं सावल्यांसारखी निघून जात होती. आयुष्यात ते इतके कधी घाबरले नव्हते. बाळाचा श्वास कानातून जात नव्हता.

दाराबाहेरच्या मीटरचा कॉक त्यांनी आधी बंद केला. हात घंटीकडे गेला आणि चटका बसल्यासारखा मागे आला. एक ठिणगी पुरली असती. त्यांनी दार ठोठावलं. बाई आली, बाळ कडेवर. तिचा फोन बाळाच्या झोपेसाठी आवाज बंद करून आत पडला होता.

"दिव्याच्या बटणाला हात लावू नका. बाळाला घेऊन आधी बाहेर या."

खिडक्या उघडून ते बाहेर आले आणि पायरीखाली उभे राहिले. "हीटरमागे गळती आहे, ताई. तुम्हाला येत होता तो वास खरा. मला वास येतच नाही. नाक कधीच गेलंय माझं. मघाशी मी तुम्हाला खोटं सांगितलं."

त्यांनी शिव्या खायची तयारी ठेवली होती. बाई पायरीवर मटकन बसली. आधी रडली, मग रडता रडता हसली.

"म्हणजे मला वेड लागलेलं नाही?"

"नाही, ताई."

"पुन्हा म्हणा."

ते पुन्हा म्हणाले. अंधारून यायच्या आत त्यांनी तो सांधा सोडवून नव्याने बसवला, फेस लावून बघितला, यंत्रही फिरवलं. काम संपत आलं तेव्हा नवरा कामावरून परतला. झालेलं ऐकून त्याचा चेहरा पांढरा पडला. तो बायकोकडे न बघता नाकवाल्यांकडे वळला.

"आता वास येणार नाही ना, काका? नक्की?"

नाकवाले पिशवी उचलत म्हणाले, "मला कशाला विचारता? त्यांना विचारा."