फॉर्मवरची दोन नावं

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही — आणि तिच्यापासून मला साधी बिडी कधी लपवता आली नाही.

गेल्या आठवड्यात नात मला सोलापुरातलं आणीबाणीवरचं प्रदर्शन दाखवायला घेऊन गेली. तुरुंगातली पत्रं, कोरे सोडलेले अग्रलेख — मी मान डोलवत पुढे चाललो होतो. मग काचेखाली नसबंदीचा एक फॉर्म दिसला. माझे पाय तिथंच थांबले.

तेव्हा आम्हा शिक्षकांना नसबंदीसाठी माणसं, म्हणजे ‘केस’, आणाव्या लागत. नाही आणली तर बदली, नाहीतर सरळ घरी. मी वळसंगजवळच्या एका शाळेत नवा होतो, आणि भित्रा. दोन मुलांचा बाप कुणी हाती लागेना. राहता राहिला मल्लप्पा — शाळेत पाणी भरायचा, नुकतंच लग्न झालेलं. त्याच्या जांघेत दुखायचं.

मी काय केलं? म्हणालो, शिबिरात डॉक्टर आलेत, छोटं ऑपरेशन करतील, दुखणं जाईल. तो हसतच माझ्यामागून आला. अंगठा उठवला. अपत्यांचा रकाना मी भरला — दोन मुलगे. नावंसुद्धा लिहिली.

दुखणं काही गेलं नाही.

पाच-सहा वर्षांनी त्याची बायको गंगव्वा दवाखान्याचा कागद घेऊन आली. “मास्तर, तुमी शिकलेले. सासू म्हंती, खोट माज्यातच हाय. कागदात काय लिवलंय, सांगा की.”

तिच्यात काहीच दोष नाही, असं लिहिलं होतं. एवढं वाचून दाखवायला काय लागत होतं? पण पुढचा प्रश्न आला असता — मग दोष कुणात?

“देवाच्या मनात नाही, गंगव्वा,” मी म्हणालो. ती माझ्या पाया पडली. महिन्याभरात सासूनं तिला माहेरी धाडलं, ते कायमचंच. मी बघत राहिलो.

नातीनं काचेवर बोट ठेवलं. “आजोबा, असले फॉर्म भरायचं तरी कोण?”

सांगायला तोंड उघडलं. “असेल कोणी कारकून,” असंच बाहेर पडलं. सत्तरी उलटली, तरी पुन्हा तेच.

मल्लप्पा आता नाही. त्याला शेवटपर्यंत कळलं नाही. गंगव्वा कुठं आहे, ठाऊक नाही. त्यांच्या घरी पाळणा हलला नाही. त्यांच्या दोन मुलांची नावं मात्र मला पाठ आहेत — शिवानंद आणि बसवराज. मीच ठेवली होती.