वीस मिनिटांची नोंद

प्रयोगशाळेत त्यांना सगळे कल्हईकाका म्हणत. केसाहून बारीक अशा कार्बनच्या धाग्यांवर निकेल-लोखंडाचा चुंबकीय थर चढवायचा, हे त्यांचं काम. असा धागा सूक्ष्मलहरी गिळून टाकतो, परत फेकत नाही. थर नीट धरावा म्हणून आधी धागा वीस मिनिटं भट्टीत ठेवून त्यावरचा कारखान्यातला चिकटा जाळावा लागे. काकांचं अक्षर मोत्यासारखं, म्हणून नोंदवही त्यांच्याकडे. पण खोड अशी, की दिवसभराच्या नोंदी ते सकाळीच लिहून मोकळे होत. रोज तीच वीस मिनिटं, त्यात बघायचं काय?

एके दिवशी चहाच्या गप्पा लांबल्या. परत आले तर भट्टी चालूच. धागा हाताला खरखरीत लागला. त्यांनी तो तसाच थर चढवायच्या टाकीत सोडला. वही तर भरलेलीच होती.

नेमक्या त्याच नमुन्याने कमाल केली. सोडलेल्या लहरींतला शंभरातला एखादाच भाग परत आला. संशोधन करणारी मुलगी हरखून गेली. पण पुढच्या अकरा नमुन्यांत एकही तसा निघेना.

"आकडे घरी बसून लिहिलेस का?" तिचे मार्गदर्शक सर तिच्यावर खेकसले. "असला प्रबंध मी पुढे पाठवणार नाही."

काका पलीकडे काचेची भांडी विसळत होते. विसळलेलीच पुन्हा विसळत राहिले. खरं न सांगताच तीन आठवडे गेले.

मग ती मुलगी वही घेऊन त्यांच्याकडे आली. "काका, तुमची नोंद काही चुकायची नाही. माझंच कुठेतरी चुकतंय."

त्यापेक्षा तिने थोबाडीत दिली असती तर बरं झालं असतं.

"वही खोटी आहे, पोरी," काका म्हणाले, आणि सगळं सांगून टाकलं.

तिने वही मिटली. "किती वेळ राहिला होता?"

"दोन चहा झाले होते. पाऊण तास धर."

"मग उद्या पाऊण तास ठेवू. घड्याळ मी बघते."

शेवटचं वाक्य ती साधेपणानेच बोलली. काकांना ते अजून बोचतं.

नमुना जमला. नोंद चुकली होती, एवढंच तिने सरांना सांगितलं. कोणाची, ते नाही. प्रबंधात आभाराची एक ओळ आली: 'काकांच्या काळजीपूर्वक कामाबद्दल.'

परवा विहीणबाई आल्या, तेव्हा बायकोने ते पान पुढे केलं. "अहो, वाचून दाखवा की!"

"चष्मा सापडत नाही."

"इश्श! नाकावर काय आहे मग?"

दोघी खळखळून हसल्या. काकांनी चष्मा काढला आणि खाली मान घालून पुसत बसले.