गाडी गरम होईपर्यंत

रत्नागिरीत थंडी पडते म्हणजे काय होतं, तर पहाटे उठून पंखा एकावर आणावा लागतो. बस, एवढंच. पण तेवढ्यावर आमच्याकडे कपाटातल्या माकडटोप्या बाहेर येतात, बागवाले मोहोराच्या गप्पा सुरू करतात, आणि आमच्या शेजारचे काका गाडी गरम करायला बसतात.

काका जन्मभर बोटीवर होते. मालवाहू जहाजाच्या इंजिनरूममध्ये ऑइलमन. कायमचे घरी आले तेव्हा त्यांनी कुणाची तरी वापरून झालेली, चोक ओढून चालू करायची जुनी पेट्रोल गाडी घेतली. जहाजाचं इंजिन म्हणे घराएवढं असतं. बंदर सोडण्याआधी ते कित्येक तास गरम करत ठेवतात, थंड चालवलं तर त्याची वाट लागते. असेल. मी जहाजावर गेलेली नाही. पण तोच कायदा काकांनी या डबड्याला लावला. चोक पूर्ण ओढायचा, चावी मारायची, आणि बाहेर येऊन खुर्ची टाकून चहा प्यायचा. अर्धा तास तरी. मग गाडी निघायची कुठे, तर मच्छी मार्केटला, जिथे चालत गेलेला माणूस त्यांच्याआधी पोचून मासे घेऊन परत यायचा.

बघायला आणखी दोघे असायचे. तेही बोटीवरून निवृत्त झालेले. तापलेल्या पोराच्या कपाळावर ठेवावा तसा एकेक जण बॉनेटवर हात ठेवायचा आणि गंभीर चेहऱ्याने मान हलवायचा. अजून नाही झाली.

हे सगळं त्यांनी त्यांच्या अंगणात केलं असतं तर माझं काही जात नव्हतं. पण गाडी उभी आमच्या गडग्याला, म्हणजे दगडी कुंपणाला लागून, आणि धुराची नळी आमच्या पडवीकडे. त्या पडवीत सकाळच्या उन्हाला माझी आई बसते. तिला दमा आहे. आयुष्य चुलीच्या धुरात आणि सुक्या मच्छीच्या कामात गेलं, छातीत काय उरणार? उन्हात बसलं की तिला जरा मोकळं वाटतं. काकांच्या गाडीचा धूर सुटला की ती पदर नाकाला लावून आत यायची आणि दार लावून अंधारात बसायची. त्यांच्या इंजिनाला ऊब मिळावी म्हणून माझ्या आईने आपलं ऊन सोडायचं.

मी एकदा त्यांच्याकडे गेले. मी बी.एस्सी. आहे, केमिस्ट्री घेऊन. आमच्या घरात कॉलेज पुरं केलेलं पहिलं माणूस मी, आणि हे मी सांगते, कारण माझ्यासाठी दुसरं कुणी सांगायला येत नाही. साध्या मराठीत समजावलं, की चोक ओढला की पेट्रोल जास्त आणि हवा कमी जाते, ते अर्धवट जळतं, तो धूर विषारी असतो. इथल्या हवेत एक मिनिट पुष्कळ झालं, पुढे गाडी हळू चालवली की आपोआप गरम होते. काकांनी सगळं ऐकून घेतलं. मग त्या दोघांकडे बघत म्हणाले, "बाय, तू पुस्तकातलं सांगतेस. आम्ही इंजिनाच्या पोटात दिवस काढले."

दोघे हसले. एकाने विचारलं, माझी स्वतःची गाडी कुठली. मी ड्रायव्हिंग शिकले होते, लायसन्स होतं, गाडी नव्हती. त्यांच्या दृष्टीने विषय तिथेच मिटला. घरी आल्यावर आईनेही मलाच सुनावलं, शेजाऱ्याशी असं बोलतात का म्हणून.

मग जानेवारीतली ती सकाळ. आई उठली तीच धाप लागलेली. पंप मारला, परत मारला, उतार नाही. वाक्य पुरं करता येईना, ओठ काळे पडायला लागले. ओळखीचा रिक्षावाला फोन उचलेना. रुग्णवाहिका हातखंब्याकडे गेलेली, कधी येईल सांगता येत नव्हतं. माझी धावपळ बघून काका स्वतःहून आले, हे मला कबूल केलं पाहिजे. त्यांनीच आईला धरून मागच्या सीटवर बसवलं, मी तिच्या शेजारी बसले. चोक ओढला, चावी मारली, गाडी सुरू झाली. आणि ते खाली उतरले.

मला वाटलं काही विसरलं असेल. तर ते पुढे जाऊन बॉनेटवर हात ठेवून उभे.

"काका, चला."

"दोन मिनिटं. थंड मशीन हलवलं तर रस्त्यात बसेल, मग काय करशील?"

तेवढ्यात रोजच्या त्या दोघांतला एक जण गडग्यापलीकडून म्हणाला, बरोबर आहे त्यांचं, उगाच घाई नको. धूर उघड्या खिडकीतून आत येत होता. आईने माझं मनगट धरलेलं, आणि तिच्या छातीतली शिट्टी इंजिनाच्या आवाजातही ऐकू येत होती. पण काळजी कुणाची, तर मशीनची. यांची दोन मिनिटं केवढी असतात ते मला ठाऊक होतं.

मी आईचा हात सोडवला, उतरले आणि ड्रायव्हरच्या सीटवर जाऊन बसले. चोक निम्मा आत ढकलला, पहिला गिअर टाकला.

"अगो, बंद पडेल ती."

"पडू दे. यायचं असेल तर बसा."

ते अर्ध्या चड्डीतच धावत वळसा घालून बाजूला येऊन बसले. कोपऱ्यावर गाडीने दोन गचके दिले, जरा कुरकुर केली आणि गेली. जाणारच होती. रस्ताभर काकांनी एकदाही मागे वळून बघितलं नाही. त्यांची नजर समोरच्या तापमानाच्या काट्यावर. "अजून हलला नाय गो काटा," एवढंच सांगत होते. हॉस्पिटलच्या फाटकात वळलो तेव्हा म्हणाले, "आता झाली बघ गरम."

डॉक्टरांनी आईला ऑक्सिजन लावला, वाफ दिली, इंजेक्शन दिलं. म्हणाले, आणखी उशीर झाला असता तर अवघड होतं. हे मी काकांना बाहेर येऊन शब्दाला शब्द सांगितलं. ते ऐकून काका गाडीखाली ऑइल गळतंय का ते बघायला गेले.

आई बरी होऊन घरी आली तोवर गावभर झालं होतं, की काकांनी इंजिन असं ठेवलंय की थंड मारलं तरी दगा दिला नाही. म्हणजे माझी आई वाचली ती काकांच्या रोजच्या धुरामुळे. यावर काय बोलायचं? मी त्या दोघांसमोरच काकांना सांगितलं, की उद्यापासून आमच्या गडग्याशी गाडी सुरू ठेवून चहा प्यायला बसलात तर येऊन चावी काढून नेईन. जागा माझी आहे, काका म्हणाले. असेल, मी म्हटलं, छाती माझ्या आईची आहे. मी थट्टा करतेय का, हे त्यांनी माझ्या तोंडाकडे नीट बघून घेतलं. या वेळी हसलं कुणी नाही.

आता तिघे मिळून गाडी बंद असतानाच ढकलत वाडीच्या टोकापर्यंत नेतात आणि तिथे गरम करतात. माकडटोपी घातलेले तीन म्हातारे, घामाघूम, थंडीपासून इंजिनाला वाचवायला निघालेले. आई पडवीतून हे रोज बघते आणि म्हणते, "तुझ्यामुळे त्यांना त्रास. जा जरा, हात लाव."

मी जात नाही.