सटीच्या सकाळचा हुकूम

फौजेत मी सतरा वर्षं कुत्री सांभाळली. बंदूकही चालवली, पण कागदावर माझं काम ‘डॉग हँडलर’. सुट्टीवर आलो की सोयरे विचारायचे, "म्हंजी एवढ्या लांब जाऊन कुत्रीच राखतो का?" व्हय बाबा, कुत्रीच राखतो. आधी लाज वाटायची, नंतर वाटेनाशी झाली.

शेवटची पोस्टिंग वर डोंगरात होती. साडेपाचला उठणं, सहाला कुत्र्याचं ग्रूमिंग, सातला रोड ओपनिंग पार्टी निघायची. म्हणजे फौजेच्या गाड्या जायच्या आधी रस्ता पायी तपासायचा. पुढं कुत्रं, मागं मी, माझ्या मागं बाकीची पार्टी. एके दिवशी एका पुलाच्या अलीकडं माझी कुत्री रीटा खाली बसली. सुरुंगाचा वास आला की बसायचं, ही तिची ट्रेनिंग. रेडिओवर मागून आवाज आला.

"रुके क्यों हो? ओवर."

"डॉग बैठा है. ओवर."

"कितना टाइम लगेगा? ओवर."

"जब तक बैठा है. ओवर."

साडेतीन तास सगळा कॉन्व्हॉय तिथंच उभा. पुलाखालून जे निघालं ते इथं सांगत नाही, पण आम्ही सगळे घरी आलो. आमचा उस्ताद म्हणायचा, कुत्ता गलती नहीं करता, हँडलर करता है. मला वाटायचं, हे नवीन पोरांना सांगायचं असतं.

हवालदार होऊन पेन्शनीत आलो. आमचं गाव चितेगाव ओलांडून बिडकीनकडं जाताना रोडपासून आत. माझं पोरगं चितेगावच्या कंपनीत लागलेलं. मला मात्र घरात करमत नव्हतं. पहाटे उठायचो, शिवारात चक्कर मारायचो, जमिनीकडं बघत चालायचो. बायको म्हणायची, "अहो, इथं कोण सुरुंग पेरून ठेवणार हाय?" दुसऱ्या हिवाळ्यात मात्र खरंच कुणीतरी पेरायला लागलं.

पंधरा दिवसांत गावची तीन कुत्री मेली. पहिलं ओढ्याकाठी सापडलं, पाय ताठ, तोंडाला फेस. लोक म्हणाले साप चावला. दुसऱ्याच्या तोंडाजवळ अर्धवट खाल्लेला पिठाचा गोळा होता. मी तो काडीनं फोडला तर आत फवारणीच्या औषधाचा वास. रानडुकरांसाठी होता तो. त्या साली डुकरांनी मका अन् हरभरा लई नासला होता, रात्रीतून अर्धा एकर लोळवून जायची. शेतकऱ्याचा जीव जळणारच. पण गोळ्याला कुठं कळतं समोर डुक्कर हाय का कुत्रं?

मला घोर लागला तो आक्काचा. आक्का माझी थोरली बहीण. दाजी गेल्यावर ती वस्तीवर एकटीच राहायची, गावापासून दीड किलोमीटर, चार शेळ्या आणि एक कुत्रा, बाळ्या. आक्काला कानानं फार कमी ऐकू यायचं. कानाशी तोंड नेऊन ओरडलं किंवा समोरच्याचे ओठ दिसले तर कळायचं, एरवी नाही. कुणी आलं की बाळ्या भुंकायचा नाही, तिच्या लुगड्याचा काठ धरून ओढायचा. शेळी अडकली, लांडगा फिरकला, की काठ ओढायचा. हे त्याला कुणी शिकवलं नव्हतं. मी हजारदा म्हणलो, गावात चल. ती म्हणायची, "मला ऐकू येत नाय, पर याला येतंय ना? मग झालं की." म्हणजे बाळ्या गेला तर आक्काचं वस्तीवर राहणंच संपलं, आणि वस्ती सोडून ती जगली नसती. हे मला पक्कं ठाऊक होतं.

म्हणून मी बाळ्याची ट्रेनिंग सुरू केली. रोज संध्याकाळी पाच वाजता, वस्तीवर. भाकरीच्या तुकड्यात तिखट भरून बांधाला ठेवायचो. उचलला की तोंड पोळायचं, वरून मी ओरडायचो, "छोड!" सोडला की माझ्या हातून गूळ. मग तिखट नसलेला तुकडा, तोही नाही उचलायचा. मी "ले" म्हणेपर्यंत जमिनीवरचं काहीच तोंडात घ्यायचं नाही. दिसलं तर त्याच्यासमोर बसायचं आणि माझ्याकडं बघायचं. फौजेच्या कुत्र्याला याला सहा महिने लागतात, बाळ्याला पाच आठवडे लागले. गावठी होता, पण डोकं असं की आमच्या सेंटरमध्ये असता तर साहेब लोकांनी त्याच्याबरोबर फोटो काढले असते.

आक्का ओट्यावर बसून हसायची. "आरं रंगा, कुत्र्याला हिंदी कशाला शिकवतो? त्याला काय दिल्लीला नोकरीला लावायचाय?"

गावातनं अजून चार जण आपापली कुत्री घेऊन यायला लागले. पाच वाजताची परेडच झाली म्हणा. विषाने मरणारं कुत्रं मग त्या महिन्यात एकही दिसलं नाही.

गोळे टाकणारा कोण ते मला लवकरच कळलं. आक्काच्या बांधाला बांध असलेला दामू. तिशीतला पोरगा, मेहनती, माझ्या पोराचा वर्गमित्र. मी त्याला एकटं गाठून चार गोष्टी सांगायला पायजे होत्या. पण माझं डोकं फौजी. मी त्याला पारावर सगळ्यांसमोर अटेन्शनमध्ये उभा केल्यासारखा उभा केला आणि झापला. हरामखोर म्हणलो. पोलिसांत देतो म्हणलो. तो नुसता मान हलवत राहिला. लोक म्हणाले, "फौजीनं बरोबर केलं." मलाही तसंच वाटलं.

मग चंपासष्टी आली. आमच्याकडं नुसतं सट म्हणतात. त्या दिवशी खंडोबाला बाजरीचा रोडगा आणि वांग्याच्या भरताचा निवद, आणि कुत्रं म्हणजे देवाचं, म्हणून त्याचाही घास काढायचा. आदल्या दिवशी संध्याकाळी आक्काशी माझी खणाखणी झाली. मी म्हणलो, घास मी हातानं भरवतो. ती म्हणली, "देवाच्या कुत्र्याला हातानं भरवत नसतेत. भुईवर पान मांडायचं, हात जोडायचं आन् बाजूला व्हायचं. माझ्या सासूनं असंच केलं, मी असंच करणार."

"आक्का, महिनाभर त्याला भुईवरचं खाऊ नको म्हणून शिकवलं!"

"मग एक दिवस खा म्हण. तुझंच ऐकतं ना ते?"

मी हारलो, पण अट घातली. आधी मी सगळी जागा तपासणार, मग पान मांडायचं, आणि "ले" मी म्हणणार.

सकाळी सहा दहाला मी वस्तीवर पोचलो. अंगण, गोठा, बांध, कडब्याच्या गंजीचा भोवताल, सगळं चालून बघितलं. सव्वासातला माझा रिपोर्ट मलाच दिला, एरिया क्लिअर. परत अंगणाकडं येताना दामू दिसला. बांधावर वाकून काहीतरी शोधत होता. मला बघून सरळ झाला.

"काय रे?"

"काय नाय, फौजी. विळा हरवला."

मी पुढं निघालो.

पावणेआठला आक्कानं लिंबाखाली पळसाच्या पानावर पाच छोटे रोडगे मांडले, वर भरीत घातलं, हात जोडले. बाळ्याला मी बसवलं होतं. तेवढ्यात एक कोंबडी आली आणि एक रोडगा चोचीनं ओढत गंजीकडं पळाली. आक्का तिच्यामागं, "हाड्! देवाचं हाय ते!" करत. मला हसू आलं. मी बाळ्याला म्हणलो, "ले." त्यानं चारही रोडगे दोन मिनिटांत संपवले, पान चाटलं, आणि गंजीकडं गेला. तिथं थांबला. वास घेतला. खाली बसला. आणि मागं वळून माझ्याकडं बघितलं.

मी वीस पावलांवर होतो. त्याच्या पुढ्यात बाजरीचा गोळा पडलेला मला दिसला. कोंबडीनं नेलेला पाचवा रोडगा, दुसरं काय असणार? जागा तर मी स्वतः तपासलेली. आक्का ओरडली, "आरं, देवाचा घास पुढ्यात आन् ते बसून ऱ्हायलं! सांग की त्याला!" आणि ती परत कोंबडीमागं गंजीआड गेली.

मी म्हणलो, "ले."

तो उठला नाही. शिकवल्यापासून पहिल्यांदा तो माझ्या हुकमावर उठला नाही. मी आवाज चढवला, जसा दामूवर चढवला होता.

"बाळ्या! ले!"

त्यानं खाल्लं.

कोंबडी गंजीच्या मागून बाहेर आली तेव्हा तिच्या चोचीत रोडगा होता. वरच्या भरतासकट. तो मी बघितला आणि पळालो. बाळ्याचं तोंड उघडलं, बोटं घातली, काही राहिलं नव्हतं. सात पंचावन्न.

मी दामूच्या नावानं बोंब मारली. तो बांधावरच होता, धावत आला आणि गोळ्याची जागा बघून पांढरा पडला. "अकरा टाकले होते फौजी, तीन दिवसांमागं, डुकरासाठी. काल सट म्हणून उचलले. धाच सापडले. कावळ्यानं नेला आसंल नायतर मुंगसानं."

"सांगितलं का नाहीस?"

तो म्हणला, "तुम्हाला?"

बोलायला वेळ नव्हता. आठ पाचला बाळ्याचे पाय थरथरायला लागले, तोंडाला लाळ सुटली. दामूनं मोटारसायकल काढली, मी मागं बसलो, बाळ्या मांडीवर. एका हातानं बिडकीनच्या जनावरांच्या डॉक्टरला फोन लावला.

"कोणतं औषध?"

"दामू, कोणतं औषध?"

त्यानं नाव सांगितलं. मी पुढं सांगितलं.

"कधी खाल्लं?"

"सात त्रेपन्न."

"किती लांब आहात?"

"वीस मिनिटं."

"पंधरात या."

दामूनं अशी गाडी कधी चालवली नसंल. खड्डा आला की दोघंही एकदमच "बाळ्या, बाळ्या" म्हणायचो. मी त्याचं तोंड खाली धरून ठेवलं होतं, लाळ आत जाऊ नये म्हणून. त्याला झटके येत होते. दोन झटक्यांच्या मधे तो डोळे उघडून माझ्याकडं बघायचा, पुढचा हुकूम काय म्हणून बघतात तसा. मी "शाबास" म्हणत होतो. फौजेत काम नीट झालं की म्हणतात ते. दुसरं काही मला सुचलंच नाही.

डॉक्टर दारातच इंजेक्शन भरून उभे होते. तीन सुया दिल्या, सलाईन लावलं. आठ बावन्नला त्यांनी कान लावून बघितलं आणि माझ्या खांद्यावर हात ठेवला. दामू भिंतीला टेकून खाली बसला आणि लहान पोरासारखा रडला. त्याला मारावं असं वाटायला पायजे होतं, पण नाही वाटलं.

अकरा वाजता वस्तीवर परत आलो. सणाचा दिवस, तरी पंचवीस-तीस माणसं गोळा झाली होती. गंजीच्या पलीकडं खड्डा खणला. आक्का खड्ड्याच्या कडेला बसली होती, डोळे कोरडे, लुगड्याचा काठ मुठीत धरून. लोक आपापसांत बोलत होते. एक म्हातारा म्हणला, "शेवटी कुत्र्याची जात. चार रोडगे खाऊन पोट भरलं न्हाई, पाचव्यासाठी जीव घालवला. हावरं." दुसरा म्हणला, "फौजीनं एवढं शिकवलं, पर वासना सुटती व्हय?" आक्का त्यांच्या तोंडाकडं बघत होती. ऐकू येत नसलं तरी तिला ओठ वाचता यायचे.

कुणालाच ठाऊक नव्हतं. दामूनं बघितलं नव्हतं. आक्का तेव्हा गंजीआड होती, माझे ओठ तिला दिसले नव्हते; ती समजत होती की गोळा ओळखून मी "छोड" म्हणलो. मी गप्प बसलो असतो तर गोष्ट तिथंच बुजली असती. रीटानं साडेतीन तास बसून आम्हाला जिवंत ठेवलं तेव्हा मी रेडिओवर ताठ आवाजात बोललो होतो. इथं सांगायची होती ती माझीच चूक.

मी आक्काच्या शेजारी बसलो आणि कानाशी तोंड नेलं. "आक्का, तो खात नव्हता. बसला होता. मीच खा म्हणलो."

"काय?"

मोठ्यानं बोलावं लागलं. मग आणखी मोठ्यानं. शेवटी मी उभा राहिलो आणि परेडवर देतात त्या आवाजात ओरडलो, "तो खात नव्हता! त्याला कळलं होतं! मी दोनदा हुकूम दिला! बाळ्यानं माझा हुकूम पाळला!"

दामू फावडं धरून उभा होता, त्यानं मान वर करून माझ्याकडं बघितलं. मला वाटलं आता आक्का मला शिव्या घालंल, छाती बडवंल, काय करायचं ते करो. ती हळूहळू उठली, माझ्याकडं न बघता त्या म्हाताऱ्याकडं वळली.

"ऐकलं का?" ती म्हणली. "हावरं नव्हतं माझं लेकरू."

म्हाताऱ्यानं टोपी काढली. मग आक्कानं पहिली मूठ माती टाकली, आणि दामूनं फावडं माझ्या हातात दिलं.