घरात सून आहे

विमा कंपनीचा तो तपासनीस आमच्याच मुलुंडात राहायचा. बाजारात भेटला की हात जोडून घरातल्या प्रत्येकाची चौकशी करायचा आणि बोलताना सारखं ‘बरं का वहिनी’ म्हणायचा.

सासऱ्यांना अर्धांगवायू झाला तेव्हा डॉक्टरांनी दिवसा नर्स ठेवायला सांगितली, कारण मी शाळेत शिकवत होते आणि हे ऑफिसात. तिचा खर्च विम्यातून मिळावा म्हणून आम्ही अर्ज केला. चौकशीला हाच गृहस्थ घरी आला.

नर्स तेव्हा सासऱ्यांची कूस बदलत होती. त्यानं कोट काढला, बाह्या सारल्या आणि दुसऱ्या बाजूनं हात लावला. “काका, दुखलं नाही ना?” असंही हळूच विचारलं. मला तो माणूस फार आवडला. मग कपाळावरचा घाम पुसत त्यानं विचारलं, “घरात बायका किती?”

“मी एकटीच.”

“मग झालं की. सून असताना नर्सचा खर्च धरत नाहीत, बरं का वहिनी.”

“अहो, मी नोकरी करते. आणि आत्ता तुम्हालाच घाम फुटला ना?”

“ते वेगळं,” तो हसून म्हणाला.

अर्ज नामंजूर झाला. नर्स गेली आणि मी शाळेचा राजीनामा दिला.

पुढं एकदा भाजीवाल्यापाशी तो म्हणाला, “सासऱ्यांचं सगळं करता तुम्ही. मोठं पुण्य पदरात पडेल.”

“मला पुण्य नको होतं, नर्स हवी होती,” मी म्हटलं.

तो गोंधळून बघत राहिला. मी का चिडले ते त्याला खरोखरच कळलं नव्हतं, आणि त्याचाच मला जास्त संताप आला.