परवलीचा शब्द: घेवडा

काका गेल्याचं सांगायला काकूने फोन केला, तेव्हा मी हडपसरच्या ऑफिसात काही बँकवाल्यांना, पलीकडचा माणूस खरा की तोतया हे कसं ओळखावं, ते शिकवत होते. तेच माझं काम. सहा आठवडे झाले, काकांवर लिहायला बसले की आधी हेच आठवतं आणि हात थांबतो...

काका पोस्टमन. विश्रांतवाडीत त्यांनी तीस वर्षं सायकलवरून पत्रं वाटली. माझे आईवडील नोकरीवर, म्हणून शाळेनंतर मी काकांकडेच असायचे. घेवड्याची भाजी मी ताटाखाली लपवायचे आणि काकूची पाठ वळली की काका ती गुपचूप खाऊन टाकायचे. हे आम्हा दोघांनाच ठाऊक होतं.

आवाजाची हुबेहूब नक्कल करून फसवणारे फोन वाढले, तेव्हा मी घरात फर्मान काढलं. अनोळखी नंबरवरून आपलं माणूस मदत मागू लागलं, तर आधी परवलीचा शब्द विचारायचा. शब्द आला नाही तर फोन ठेवायचा, दयामाया नाही. शब्द काकांनीच सुचवला, घेवडा. वर म्हणाले, "रजिस्टर पत्र देताना आम्ही माणसाचं तोंड बघायचो. आतून 'कोण?' आलं की बाहेरून 'मी' म्हणायचं, एवढ्यावर दारं उघडायची पुण्यात. आता काय, तुम्हा शहाण्यांचं राज्य!" मी हसले. माझ्या शहाणपणाचा मला तेव्हा फार तोरा होता.

मग एका दुपारी अनोळखी नंबरवरून फोन आला. आवाज जड, अडखळणारा.

"अगं... मी."

"मी म्हणजे कोण?"

"काका. तुझ्याकडेच येत होतो... गाडीतळाच्या बसस्टॉपवर पडलोय."

"शब्द सांगा."

"ती भाजी गं... तू ताटाखाली लपवायचीस..."

"भाजी नको, शब्द सांगा," असं म्हणून मी फोन ठेवला आणि तो नंबर ब्लॉक केला. ताटाखालची भाजी दुसऱ्या कुणाला माहीत असणार होती? पण माझे कान त्या एका शब्दाकडे लागलेले. उलट शेजारच्या टेबलावर मी ऐटीत सांगितलं, "बघा, नियम पाळला की माणूस फसत नाही."

काकांना अर्धांगाचा झटका आला होता. त्यांचा मोबाइल पडून बंद झाला, म्हणून एका फळवाल्याच्या फोनवरून त्यांनी पाठ असलेला एकमेव नंबर लावला होता, माझा. शेवटी त्या फळवाल्यानेच त्यांना रिक्षात घालून दवाखान्यात नेलं. डॉक्टर म्हणाले, तेवढ्या वेळाने फरक पडला नसता. मला पडतो. पुढे काका दोन महिने जगले. हिला फोन का नाही केला, असं काकूने त्यांना विचारलं, तेव्हा माझ्यादेखत म्हणाले, "केला होता, हिचा लागलाच नाही." आणि मी गप्प बसले... याची मला फोनपेक्षाही जास्त लाज वाटते. काकूला मी अजून सांगितलेलं नाही. उद्या हे छापून यायच्या आत तिच्यासमोर बसून सांगणार आहे.

गेल्या आठवड्यात तिने काकांचा बसपास माझ्या हातात ठेवला. प्लॅस्टिकच्या पाकिटात पासामागे एक चिठ्ठी होती. उजवा हात गेल्यावर डाव्याने लिहिलेली, वेडीवाकडी अक्षरं. वर माझा नंबर, त्याखाली 'घेवडा', आणि त्याखाली, 'पुढच्या वेळी विसरायचं नाही.'